शेवटच्या गटाची सहा मिनिटं

"वाद्य एकही नाही," असं त्या बाई म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, या भाव पाडायला बघताहेत.

मांडव आणि साउंड हा माझा धंदा. सिन्नरहून नाशिकला आलो तेव्हा दुसऱ्याच्या टेम्पोवर बांबू चढवत होतो. आज पंचवटीकडे माझं स्वतःचं गोडाऊन आहे, दोन गाड्या आहेत, बारा माणसं आहेत. कुणी हात धरून वर आणलेलं नाही. दारातून आत येणारा माणूस किती ताणेल आणि कुठे सुटेल, हे मला त्याच्या चपला काढण्यावरून कळतं. या बाईंचं मात्र कळेना. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. खुर्ची दिली तरी उभ्याच.

"तबला नाही, पेटी नाही, ढोलकी नाही. नुसता गळा," त्या म्हणाल्या. "मोकळ्या मैदानात. तिकीट नाही. ज्याला यायचं त्यानं यावं, सतरंजीवर बसावं."

"मग लोक येतील कशाला?"

"गाणं ऐकायला."

"ढोलाशिवाय?"

"तुम्ही आईच्या मांडीवर झोपायचात तेव्हा कुणी ढोल वाजवत होतं का हो?"

त्यांनी पिशवीतून कागद काढला. त्यावर पाच गट लिहिले होते. एका चर्चमधली मंडळी, जी चार वेगळ्या सुरावटींत एकच गाणं गातात. एका वसाहतीतल्या बुद्धविहारात दर रविवारी जमणारे गायक, नुसत्या टाळीवर गाणारे. सुरगाण्याकडची माणसं, भातलावणीची गाणी घेऊन. मग इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं, तोंडानंच ढोल वाजवणारी. आणि शेवटी, सिन्नर तालुक्यातल्या बायका, जात्यावरच्या ओव्या.

सिन्नर वाचून माझं बोट तिथं थांबलं. पण तालुका मोठा आहे. मी कागद परत दिला.

पैशांवर मी फार ताणलं नाही, फुकटचा कार्यक्रम होता. मी अडलो वेळेवर. त्या संध्याकाळी ओझरला एका हळदीचं काम घेतलं होतं आणि तेच स्पीकर तिकडे न्यायचे होते. बाईंना आठपर्यंत स्टेज हवं होतं.

"साडेसातला स्टेज रिकामं," मी म्हणालो. "त्यानंतर एक मिनिट नाही."

"मी प्रत्येक गटाला पंधरा मिनिटं कबूल केलीत."

"दहा करा."

"बारा तरी."

"दहा. आणि लाल दिवा मी लावतो. वेळ संपली की पेटेल."

"गाणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लाल दिवा?" बाईंना ते फारच लागलं. "अहो, दुकान बंद करताय की गाणं?"

"गाणाऱ्याला वेळ कळत नाही, म्हणूनच दिवा लागतो."

शेवटी त्यांनी मान हलवली. दुसरा कुणी एवढ्यात काम करणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना ते ठाऊक आहे, हे मला. त्या गेल्यावर मी माझ्या माणसांना म्हणालो, "बघा रे, सौदा असा करतात." माणसं हसली. मीही हसलो. ते हसणं मला आता आठवावंसं वाटत नाही.

*

कार्यक्रमाच्या दिवशी थंडी होती, पण बेताची. मैदानाच्या कडेला चिंचेची दोन झाडं, त्यांच्यामध्ये गुडघाभर उंचीचं स्टेज. मी समोर, सतरंज्यांच्या मागे, मिक्सर मांडून बसलो होतो. ऊन कलायला लागलं तशी माणसं येऊ लागली. शाळा सुटलेली मुलं, वॉकला निघालेले म्हातारे, भाजीची पिशवी घेऊन उभ्या राहिलेल्या बायका. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवत नव्हतं.

साडेपाचच्या सुमारास रस्त्याच्या कडेला एक काळीपिवळी जीप थांबली. त्यातून सात बायका उतरल्या, नऊवारीतल्या तीन, बाकीच्या सहावारीतल्या. दोघींनी मिळून पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड खाली घेतलं. ते घेणाऱ्या दोघींतली एक माझी बहीण होती.

सात वर्षांनी मी तिला बघत होतो. केस पांढरे झाले होते, चाल तीच. वजन उचललं की ती खालचा ओठ दातांत धरते, तो तसाच धरला होता. तिनंही मला बघितलं. थांबली नाही, मान वळवली नाही. सरळ पुढे गेली. मी हेडफोन कानाला लावले. त्यात काहीच वाजत नव्हतं.

आता ती सात वर्षं का गेली, ते सांगायला हवं. मी हे पुष्कळ लोकांना सांगितलेलं आहे, पण दरवेळी एक गोष्ट गाळून.

माझ्या भाचीचं, म्हणजे हिच्या मुलीचं लग्न होतं, सिन्नरजवळच्या त्यांच्या गावात, मे महिन्यात. मांडव आणि साउंड माझ्याकडून, आहेर म्हणून. आमच्यात नवरीला बोहल्यापाशी मामा घेऊन येतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. आईबापांपेक्षा त्या घटकेला मामा मोठा. मी त्या मानासाठी नवा फेटा घेतला होता.

त्या दिवशी सकाळी ओझरचा एक साउंडवाला धंदा बंद करून सामान विकत होता. चार मोठे स्पीकर, जवळजवळ नवे. मुहूर्त साडेबाराचा होता. मला वाटलं, तासाभरात जाऊन येतो. दहाला उरकेल वाटलं होतं, ते बारा वाजून गेले, तो खाली उतरेना, मी वर चढेना. आणि तिकडे लग्नात अक्षता वाटून झाल्या. गुरुजींनी माईकवरून पुकारा केला, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं." एकदा नाही, तीनदा. माझ्याच कर्ण्यातून माझ्याच नावाचा पुकारा सगळ्या गावानं ऐकला, आणि मी ओझरला एका पत्र्याच्या शेडमध्ये स्पीकरची जाळी नखानं खरवडत होतो.

गुरुजींना अर्धा तास थांबवलं म्हणे. मग एका चुलतभावाला माझ्या जागी उभं केलं.

मी पोहोचलो तेव्हा पंगत बसली होती. चुलतभावाच्या डोक्यावर फेटा दिसला आणि माझं डोकं फिरलं. दाजी पुढे आले, "अहो, ऐका तर. फोन लावून लावून थकलो आम्ही. मुहूर्त टळत होता."

"रेंज नव्हती तिकडे!" मी ओरडलो. "मांडव माझा, कर्णा माझा, आणि मामा दुसरा? सोडा रे! सोडा मांडव!"

माझी माणसं घुटमळली. मी शिवी दिली तशी दोऱ्या सोडायला लागली. वरचं कापड निघालं आणि मे महिन्याचं ऊन सरळ पंगतीवर उतरलं. लोक ताटावरून उठू लागले. पंगतीच्या टोकाला एक म्हातारी उठता न येऊन तशीच जेवत होती, तिच्या डोक्यावर स्वतःचा पदर धरून बहीण उभी राहिली. मी कापडाच्या घड्या टेम्पोत घातल्या आणि निघून आलो.

त्यानंतर राखी नाही, भाऊबीज नाही. ज्यानं विचारलं त्याला मी सांगत आलो की बहिणीनं माझा मान दुसऱ्याला दिला. लोक म्हणायचे, खरंय, थोडं थांबायला हवं होतं. मला तेवढं पुरायचं.

गाळलेली गोष्ट अशी. रेंज होती. भाव करताना फोन बंद ठेवायचा, ही माझी जुनी पद्धत. फोन वाजला की समोरच्याला कळतं, याला कुठेतरी जायची घाई आहे. घाई दिसली की भाव हातचा गेला. त्या शेडच्या दारात मी स्वतःच्या अंगठ्यानं फोन बंद केला होता आणि बंद करताना मला लग्न आठवत होतं.

*

सिन्नरच्या बायकांनी पोतं सोडलं तेव्हा आतून जातं निघालं आणि छोटंसं भांडण झालं.

"वाद्य नाही ठरलंय ना," गाण्याच्या बाई काळजीनं म्हणाल्या.

"हे कुठं वाद्य हाय?" त्यांच्यातली पुढारी, एक ठेंगणी, तोंडाळ बाई म्हणाली. "हे भांडं हाय. तुमच्या घरात मिक्सर हाय ना, तसं."

"पण आवाज तर येतो."

"आवाज तर तुमच्या बांगड्यांचा बी येतोय, मॅडम. हात फिरल्याबिगर आमच्या तोंडातून ओवी निघायची नाय. उभं राहून माईक धरून म्हणायला लावलं तर आम्ही आरती म्हणू आन घरी जाऊ."

लोक हसले. बाईही हसल्या. रिकामं जातं फिरवलं तर दगडावर दगड घासतो, म्हणून त्यांनी मूठभर गहूही आणले होते. ठेंगणी माझ्याकडे आली. "ओ मशीनवाले भाऊ, आमचे माईक खाली लावा. आम्ही बसून म्हणणार हाय." मी एका माणसाला पाठवलं. स्वतः गेलो नाही.

कार्यक्रम सुरू झाला. मला वाटलं होतं, दोन गाण्यांत लोक उठतील. चर्चच्या मंडळींनी सूर लावला आणि सतरंजीवरची कुजबुज थांबली. चौघे चार वाटांनी जात होते आणि एकाच दारात भेटत होते. विहारातले गायक टाळी देत गायले तेव्हा मैदानाबाहेरचा रिक्षावाला इंजिन बंद करून ऐकत बसला. सुरगाण्याची माणसं तर माईकपासून हातभर लांब उभी राहिली. डोंगरात एका शेतातून दुसऱ्या शेताला ऐकू जायचं म्हणून गायची सवय, त्यांना माईकची गरजच नव्हती. एवढी वर्षं मी आवाज मोठा करायचा धंदा केला. त्या संध्याकाळी माझ्या हाताखालचे निम्मे खटके खालीच होते.

तिन्ही गट वेळेत उतरले. लाल दिवा लागला की शहाण्यासारखे थांबले.

मग कॉलेजची पोरं आली. सहा जण. एकानं तोंडानं असा काही ठेका धरला की मी उठून उभाच राहिलो. ओठ, जीभ, गाल, छाती, सगळ्याचा ढोल. तो खालचा सूर स्पीकरमधून कसा काढावा, याच नादात मी गुंगलो. दहा मिनिटं झाली. दिव्याचं बटण माझ्या डाव्या हाताशी होतं. लोक "आणखी एक" म्हणून ओरडत होते आणि खरं सांगायचं तर माझंही मन भरलं नव्हतं. मी दिवा लावला नाही. त्यांनी आणखी एक गाणं गायलं, मग आणखी अर्धं.

सिन्नरच्या बायका वर आल्या, जातं मांडलं, माईक पुढे मागे केले, आणि पहिली ओवी सुरू झाली तेव्हा सात चोवीस झाले होते.

*

आमची आई विड्या वळायची. सिन्नरमध्ये तेव्हा घरोघरी तेच काम. तिचे हात सूप आणि पानं यांतून मोकळे होत नसत, म्हणून दळायचं काम आम्हा दोघांवर. पिठाची गिरणी गावात होती, पण डाळ आणि भरडा घरच्या जात्यावर. बहीण माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणतो. समोरासमोर बसून एकच खुंटा दोघांनी धरायचा. ती ओवीची पहिली ओळ म्हणायची आणि दुसरी मी पुरी करायची, असा आमचा खेळ. मी काहीही जुळवायचो. देवाच्या ओवीत मास्तरांचं टक्कल आणायचो. ती हसून हसून खुंटा सोडायची आणि आई आतून ओरडायची.

पण ओव्यांचा क्रम ती मोडू द्यायची नाही. आधी देवाची, मग आईची, मग बापाची, आणि शेवटी भावाची. "भावाची आधीच म्हण ना," मी हट्ट करायचो. "दळण सरत आलं की भावाची," ती म्हणायची. "नायतर तू आधीच उठून पळशील."

तर हा क्रम मला माहीत होता. मला माहीत नव्हता असं म्हणायला जागा नाही.

स्टेजवर दोघी दोघी जात्याला बसत होत्या, बाकीच्या मागे. एकीनं ओळ उचलायची, समोरचीनं झेलायची. पहिल्या जोडीनं सूर्याची ओवी म्हटली.

दिवस उगवला गं, उजेड दारामधी
गरिबाचं पीठ पडं, सोन्याच्या ताटामधी

मग बहीण जात्याला बसली, समोर ठेंगणी. बहिणीनं डोळे मिटले. तिचा आवाज जाडसर झाला होता, पण जागेवर होता.

आई माझी वळी विड्या, बोटं तिची गं काळी
त्याच बोटांनी लावी, कुंकवाची चिरी भाळी

ही ओवी मी कधी ऐकली नव्हती. ही तिची स्वतःची होती. आईची तंबाखूनं काळी झालेली बोटं मला सगळ्या मैदानावर दिसली. माझा हात खटक्यावर होता. शेजारचा माझा माणूस म्हणाला, "शेठ, सात अठ्ठावीस." मी त्याच्यावर खेकसलो.

मग वडिलांची सुरू झाली. वडील लवकर गेले. त्यांच्या सायकलची घंटा अजून ओट्यावर वाजते, असं काहीसं ती म्हणाली. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्याला पदर लावला.

आणि मला काय झालं, ते मी नीट सांगू शकत नाही. आता भावाची येणार, हे मला कळत होतं. एवढ्या लोकांसमोर ती माझ्याबद्दल काय म्हणेल? मांडव सोडल्याचं म्हणेल? की त्याहून वाईट, चांगलं काहीतरी म्हणेल? घड्याळात साडेसात झाले. दहा मिनिटं आणि लाल दिवा, हे मी ठरवलेलं होतं, सगळ्यांसमोर. या गटाची चार मिनिटं कॉलेजच्या पोरांनी खाल्ली होती आणि ती मीच खाऊ दिली होती, हेही मला ठाऊक होतं. मी स्वतःला म्हणालो, नियम तो नियम.

मी दिवा लावला.

ठेंगणीनं दिवा बघितला आणि ती थांबली. मागच्या बायकाही थांबल्या. बहिणीचे डोळे मिटलेले होते, तिचा हात खुंट्यावर फिरतच होता. मी त्यांच्या माईकचे खटके खाली ओढले, स्पीकरवरचा आवाज बंद केला. गाण्याच्या बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, फक्त बघितलं, आणि हातातल्या माईकवर आभार मानायला सुरुवात केली. टाळ्या वाजल्या. माझी माणसं वायर गुंडाळू लागली.

*

रस्त्याच्या कडेला जीप उभी होती. बायका एकमेकींना सरकवत बसत होत्या. मी ओझरच्या गाडीला "थांबा जरा" म्हणून सांगितलं आणि तिकडे गेलो. काय बोलायचं, ते मी मैदान ओलांडताना ठरवलं होतं. म्हणणार होतो, अक्का, फोन मीच बंद केला होता. एवढंच. पाच शब्दांचं काम.

ती दाराशी बसली होती, पायाशी जातं.

"अक्का."

"लय बारीक झाला रे भाऊ," ती म्हणाली. जणू काल भेटलो होतो.

"गाणं चांगलं झालं."

"अर्धंच झालं. असू दे."

ठेंगणीनं मला खालून वर बघितलं. "हाच का भाऊ?" तिनं बहिणीला विचारलं. सहा अनोळखी बायकांचे डोळे माझ्यावर होते. अशा वेळी माझ्या तोंडात नेहमी जे येतं तेच आलं. मी पहिल्यांदा माझी बाजू वर ठेवली, समोरची ओढून खाली आणेल या हिशोबानं.

"त्या दिवशी तू थांबायला हवं होतंस," मी म्हणालो.

आता ती म्हणणार, अर्धा तास थांबले होते. मग मी म्हणणार, आणखी थांबायचं. मग ती चिडणार, मी चिडणार, आणि त्या चिडण्यातून कुठेतरी फोनची गोष्ट बाहेर पडणार. असं काहीतरी माझ्या मनात होतं.

"थांबायला पायजे हुतं," ती म्हणाली. "चुकलं माझं."

धंद्यात कुणी पहिला आकडा तसाच कबूल केला की आनंद होत नाही. काहीतरी आपल्याला दिसलं नाही, ते समोरच्याला दिसलेलं असतं. तरी बोललो. "मामाचा मान माझा होता."

"तुझाच हुता. कुणी नेला नाय." तिनं पदर सारखा केला. "पोरीला पोरगी झाली. चार वर्षांची हाय. फोटोत तुला बघून इचारती, ह्यो कोण. एकदा येऊन जा."

"मावशी, पाय आत घ्या, निघायचंय," ड्रायव्हर म्हणाला.

"अक्का, त्या दिवशी—"

"तुझी गाडी थांबलीय ना रे तिकडं?" ती म्हणाली. "जा तू. आम्ही पोचतो."

जीप गेली. सात वर्षं मला जे हवं होतं ते मिळालं होतं. बहिणीनं चार माणसांत चूक कबूल केली होती. मी गाडीत बसलो आणि ओझरला गेलो. हळदीवाल्याचा उशिरावरून वाद झाला, तो मी जिंकलो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गोडाऊनमध्ये बसून मी बाईंसाठी रेकॉर्डिंग उतरवत होतो. आमच्या नव्या मिक्सरमध्ये प्रत्येक माईकचा आवाज वेगळा साठतो. स्पीकरचा खटका खाली ओढला तरी आत तो चालूच राहतो, रेकॉर्डिंग बंद करेपर्यंत. आदल्या दिवशी ते बंद करायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

शेवटचा गट लावला. वडिलांची ओवी संपली. इथं मी दिवा लावला होता. ठेंगणीचा आवाज थांबला. जात्याची घरघर मात्र थांबली नाही. आणि त्या घरघरीवर बहिणीनं नवी ओळ उचलली.

अक्षता हातामधी, नजर वाटवरी

जात्याचे दोन फेरे ऐकू आले. ती झेलणारीची वाट बघत होती. दुसरी ओळ आलीच नाही. मग मागून लांबून बाईंचे आभार, टाळ्या. मग माईकच्या अगदी जवळ ठेंगणी म्हणाली, "अगं थांब, बंद केलं त्यानं."

"कुणी?"

"त्या मशीनवाल्यानं. मेल्यानं भावाची हुऊ दिली नाय."

मग बहिणीचा आवाज, हसल्यासारखा. "असू दे. घाई असंल त्याला. त्याला पयल्यापासून घाई."

मग जातं उचलल्याचा आवाज, आणि मग माझ्याच माणसानं माईक काढल्याची खरखर.

मी ते तीनदा ऐकलं. घाई हा शब्द तिनं कशाला वापरला, ते मला कळलेलं नाही. लहानपणी मी खुंटा सोडून पळायचो, ते तिच्या मनात असेल. की ओझरच्या शेडमध्ये मी जी घाई लपवत होतो, तिचा तिला सात वर्षांपूर्वीच अंदाज आला होता, म्हणून तिनं एका झटक्यात सगळं कबूल केलं? रेंज नव्हती, हे ती मानते की नाही, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

बाईंना मी टाळ्यांपर्यंतचंच रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांनी कळवलं, छान आलंय, फक्त शेवट जरा अचानक वाटतो.

भाव करताना आता मी फोन बंद करत नाही. दोनदा त्यामुळे नुकसान झालं, माणसं चेष्टा करतात. सिन्नरला जायला मला पाऊण तास पुरतो. दोनदा निघालो, एकदा फाट्यापर्यंत गेलो आणि चहा पिऊन परत आलो. तिच्या ओवीत अक्षता हातात घेऊन वाट बघितल्यावर भाऊ येतो की येत नाही, हे दुसऱ्या ओळीत आहे, आणि ती ओळ तिच्याकडे आहे. पूर्वी असती तर मीच जुळवली असती, काहीही. आता बसून बघतो, जुळत नाही. ती ओळ विचारायची तर आधी मला फोनचं सांगावं लागेल.

ते मी इथं लिहिलं. तिला अजून सांगितलेलं नाही.